कागद हातात, नोंद कुठे?



या सदरातून मी आजवर मुदत ठेवी, वारसनोंद, जामीनकी अशा विषयांवर लिहीत आलो. बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे पाहिले, त्याच्या आधारे आपणांस सावध करण्याचे धाडस करीत आलो. आज मात्र सावध करण्यापूर्वी एक कबुली द्यावयाची आहे. जी तपासणी करण्याबद्दल मी हाताखालच्या लोकांना आयुष्यभर बजावले, तीच मी स्वतः केली नाही आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या बंधूला मोजावी लागली.

आमची एकुलती एक बहीण लग्नानंतर नैरोबीला गेली, त्याला आता पस्तीस वर्षे होतील. गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलाचे लग्न निघाले. मायरा घेऊन जायचा तो आम्ही दोघा भावांनी. मी, माझी पत्नी, मुलगा, सून व नातू असे आम्ही पाच, आणि बंधू व वहिनी असे दोघे. एकूण सात जण निघणार होतो. चुनडी जालन्यातच घेतली. रंग बंधूंनी निवडला. ताईला कोणता रंग आवडतो हे आमच्यात त्यांनाच ठाऊक.

केनियाने जानेवारी २०२४ पासून जुनी व्हिसापद्धत बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमती सुरू केली. तिला ईटीए म्हणतात. विमानात बसण्यापूर्वीच ती हाती असावी लागते आणि कडेवरच्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाची वेगळी काढावी लागते. पासपोर्ट, छायाचित्र, जाण्यायेण्याचे तिकीट व मुक्कामाचा पत्ता देऊन अर्ज करायचा. मंजुरी आली की तिचा कागद छापून जवळ ठेवायचा. आमचे हे काम आम्ही अनेक वर्षांच्या ओळखीच्या एका प्रवास-एजंटाकडे दिले. आठ दिवसांत त्यांच्याकडून मोबाइलवर सात कागद आले.

ते सातही मी छापून घेतले. नावे वाचली, पासपोर्टचे क्रमांक ताडले, राजमुद्रा पाहिली, चौकटीतला ठिपक्यांचा क्यूआर कोड पाहिला. सगळे नीटनेटके होते. प्लास्टिकच्या फाइलीत ते लावून बंधूंना सांगितले, "कागदपत्रांची काळजी करू नका, मी पाहिले आहेत." घरातला बँकवाला बोलला म्हणजे विषय संपला, अशी आमच्याकडे रीत आहे.

पहाटेच्या वंदे भारत गाडीने आम्ही जालन्याहून मुंबईला गेलो. विमानतळावर विमान कंपनीच्या खिडकीवरील मुलीने एकेक कागद घेऊन संगणकावर पाहण्यास सुरुवात केली. पाच जणांचे झाले. सहावा कागद तिने दोनदा पाहिला, सातवा पाहिला, मग शांतपणे माझा कागद परत मागितला. तिघांचे कागद शेजारी ठेवून तिने बोट ठेवले. तिन्ही कागदांवर संदर्भ क्रमांक एकच होता. तो माझा होता. बंधू आणि वहिनी यांच्या नावाची कोणतीही अनुमती केनियाच्या दप्तरी नव्हती.

एकाच क्रमांकाचे दोन डिमांड ड्राफ्ट समोर आले असते, तर नोकरीच्या पहिल्या वर्षीही मी ते ओळखले असते. इथे तीन कागद पंधरा दिवस माझ्याच फाइलीत होते.

आम्ही खूप विनवण्या केल्या. त्या मुलीचे उत्तर एकच होते, आणि ते बरोबर होते. ज्याला उतरू दिले जाणार नाही, अशा प्रवाशाला घेऊन गेल्यास त्याला परत आणण्याचा भार आणि बहुतेक देशांत दंडही विमान कंपनीवर येतो. शेवटी बंधूंनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. तिच्यात चुनडी होती. ते म्हणाले, "भाईजी, तुम्ही निघा. मायरा चुकता कामा नये."

नैरोबीच्या विमानतळावर ताईने आमच्या मागे पाहिले आणि विचारले, "छोटा कुठे आहे?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. मुंबईच्या हॉटेलात बसून भाच्याने बंधूंचा व वहिनींचा अर्ज केनियाच्या अधिकृत संकेतस्थळावर नव्याने भरला. मंजुरी तिसऱ्या दिवशी आली. ते दोघे पोहोचले तेव्हा लग्न लागून एक दिवस झाला होता. चुनडीचे एक टोक मी धरले होते आणि दुसरे बंधूंच्या जागी माझ्या मुलाने. नवी तिकिटे काढावी लागली, आधीची वाया गेली. पण तो हिशेब मी कधीच मांडला नाही.

परतल्यावर एजंटाला भेटलो. आधी त्यांनी संगणकाची चूक सांगितली, मग खरे बोलले. त्या दोघांची छायाचित्रे अस्पष्ट असल्याने अर्ज पुढे सरकत नव्हते. वेळ थोडा उरला होता, आम्ही रागावू ही भीती होती. तेवढ्यात मंजुरी येईलच या भरवशावर त्यांनी माझ्या कागदावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक बदलून दोन कागद तयार केले, आणि पुढे ते काम विसरले. हे मी त्यांच्यावर दोषारोप करण्यासाठी लिहीत नाही. सांगायचे ते एवढेच, की खोटा कागद देणारा नेहमी अनोळखी लुटारू असतो असे नाही. तो आपल्या ओळखीचा, एरवी सचोटीचा आणि त्या दिवशी अडचणीत सापडलेला माणूसही असू शकतो. म्हणून 'माणूस विश्वासू आहे' हे तपासणी न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना आपल्याहून चांगली ठाऊक होती. आमच्या आजोबांची जालन्यात कापसाची पेढी होती. तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इकडे हाली सिक्का चाले, मुंबईत कलदार रुपया. म्हणजे जालन्याची हुंडी मुंबईस जाणे हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचाच व्यवहार होता. हुंडी घेऊन आलेल्या माणसाला मुंबईचा सराफ कागद सुंदर आहे म्हणून पैसे देत नसे. जालन्याच्या पेढीकडून वेगळ्या टपालाने आलेले सूचनापत्र तो काढी, त्याच्याशी हुंडीचा मजकूर ताडी आणि मगच रक्कम देई. हुंडी शाहजोग असेल, तर ती घेऊन येणाराही बाजारातला ओळखीचा, पतीचा माणूस असावा लागे. हुंडी गहाळ झाली तर पैठ निघे, पैठही हरवली तर परपैठ. कागद हरवला तरी व्यवहार बुडत नसे, कारण तो कागदावर नव्हे, दोन पेढ्यांच्या वह्यांतील नोंदीवर उभा होता.

बँकेतही आम्ही तेच केले. दुसऱ्या शाखेचा मोठ्या रकमेचा ड्राफ्ट आला की त्या शाखेची सूचना पाहायची. बँक हमीचे पत्र आले की ते देणाऱ्या बँकेलाच विचारायचे, आणि तेही पत्रावर छापलेल्या दूरध्वनीवर नव्हे, आपल्याकडील नोंदीतल्या पत्त्यावर. आपल्यातील जे निर्यात करतात त्यांना हे परिचित आहे. परदेशी ग्राहकाने हातात दिलेल्या पतपत्रावर कोणी माल पाठवीत नाही. ते आपल्या बँकेमार्फत आले तरच त्याला अर्थ.

इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमती ही याच कुळातली आहे. नावातच 'इलेक्ट्रॉनिक' आहे. खरी अनुमती म्हणजे त्या देशाच्या संगणकातील नोंद. आपल्या हातातला कागद ही त्या नोंदीची केवळ नक्कल. नक्कल घरबसल्या कोणालाही करता येते. मुद्रा, ठिपक्यांची चौकट, सही, सर्व काही. म्हणून कागदाकडे टक लावून तो खरा की खोटा हे ठरवण्यात काही हशील नाही. ज्याने तो दिला असे त्यावर लिहिले आहे, त्याच्याच वहीला विचारावे. बाकी सर्व सूचना या एका सूत्रातून निघतात.

पहिली गोष्ट, असा कागद आपल्या पासपोर्टला लागू आहे का, हे आधी पाहावे. इथे पुष्कळ लोक फसतात. अमेरिकेची 'एस्टा', ब्रिटनची 'ईटीए', कॅनडाची 'ईटीए', दक्षिण कोरियाची 'के-ईटीए' आणि युरोपची येऊ घातलेली 'एटियास' या सर्व योजना ज्या देशांच्या नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहेत. आपल्या साध्या भारतीय पासपोर्टवर त्या मिळत नाहीत. तिथे जाण्यास आपल्याला रीतसर व्हिसाच काढावा लागतो. तेव्हा भारतीय पासपोर्टधारकाला कोणी पैसे घेऊन अमेरिकेची 'एस्टा' काढून देऊ लागला, तर पुढे तपासण्यासारखे काही उरतच नाही. मात्र आपल्याच घरातील मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर लंडनला जाताना त्याला ब्रिटनची ईटीए लागते आणि सोबतच्या आईवडिलांना व्हिसा. एकाच कुटुंबात दोन नियम लागतात, हे लक्षात ठेवावे.

याच्या जोडीला काही देशांच्या केवळ आगमन-नोंदी असतात. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र आवश्यक केले. मलेशिया आणि सिंगापूर यांचीही तशी पत्रे आहेत. ही सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य भरता येतात. विनामूल्य वस्तूसाठी डॉलर मागणारे पान समोर आले, तर आपण चुकीच्या दुकानात शिरलो आहोत असे समजावे.

दुसरी गोष्ट, पत्ता वाचण्याची कला. संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचावा. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे जे लिहिलेले असते तेच त्या पानाचे खरे घर. केनियाच्या सरकारी पत्त्याचा शेवट 'गो डॉट केई' असा होतो, श्रीलंकेचा 'गव्ह डॉट एलके', व्हिएतनामचा 'गव्ह डॉट व्हीएन', आपल्या भारताचा 'गव्ह डॉट इन'. 'गव्ह' हा शब्द पत्त्यात कुठेतरी मध्ये असून शेवट 'डॉट कॉम' असा असेल, तर ते सरकारी घर नव्हे. शोधयंत्रावर सर्वांत वर दिसणारी पाने बहुधा जाहिराती असतात. वर दिसणे हा अधिकृतपणाचा पुरावा नाही.

पत्ता एकदा पाठ केला म्हणजे झाले, असेही नाही. श्रीलंकेचेच पाहा. तिथे २०१२ पासून ईटीए पद्धत चालू होती. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ती बाजूला ठेवून खासगी कंपन्यांमार्फत नवी ई-व्हिसा पद्धत आणली आणि पत्ता बदलला. ते प्रकरण न्यायालयात गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी नव्या पद्धतीला स्थगिती दिली, आणि सप्टेंबरअखेर जुनी ईटीए पुन्हा सुरू झाली. म्हणजे सहा महिन्यांत अधिकृत पत्ता दोनदा बदलला. तत्पूर्वी काही महिने भारतीयांना तिथला व्हिसा निःशुल्क होता, पण अर्ज मात्र करावाच लागे. 'शुल्क नाही' याचा अर्थ 'अर्ज नाही' असा करणारे अडचणीत येऊ शकत होते. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी त्या देशाच्या भारतातील दूतावासाच्या वा उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावरून सुरुवात करावी आणि तिथे दिलेल्या दुव्यानेच पुढे जावे.

तिसरी गोष्ट, अर्जाची स्थिती स्वतः पाहावी. अशा बहुतेक सरकारी संकेतस्थळांवर संदर्भ क्रमांक, पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख भरून अर्जाची स्थिती पाहण्याची सोय असते. एजंटाकडून कागदाबरोबरच अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि अर्जात दिलेला ई-मेल पत्ता अवश्य मागून घ्यावा. तो ई-मेल आपलाच असावा, असे अर्ज भरण्यापूर्वीच सांगावे. म्हणजे त्या देशाचे मूळ उत्तर थेट आपल्या हाती येते. कागदावरील ठिपक्यांची चौकट मोबाइलने वाचून 'मंजूर' असे दिसले म्हणून समाधान मानू नये. ती चौकट बनावट पानावरही नेऊ शकते. पत्ता आपण स्वतः टाइप करावा.

चौथी गोष्ट, अक्षर न् अक्षर ताडावे. पासपोर्ट समोर ठेवून एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे, जसे आपण दिवाळीच्या हिशेबाला वही मिळवतो. नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्टची मुदत, प्रवासाची तारीख. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात आरंभी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात अंक असतात. त्यामुळे पहिल्या अक्षरानंतर कुठे 'ओ' दिसला, तर तो शून्याच्या जागी चुकून पडला आहे. शेवटी घरातल्या सर्वांचे कागद रांगेने मांडून संदर्भ क्रमांक पाहावेत. प्रत्येकाचा वेगळा असला पाहिजे. मी हे केले असते, तर आज हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पाचवी गोष्ट, वेळ. कागद हाती आला त्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या तीन-चार दिवस आधी पुन्हा एकदा स्थिती पाहावी. चूक त्या वेळी कळली, तर नवा अर्ज करण्यास अवधी राहतो. विमानतळावर कळली, तर राहत नाही. केनियासारख्या देशाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो, आणि ती लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तीही केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी. लस न घेता नुसता दाखला आणून देणाराही कोणी भेटतो. त्याला नमस्कार करून पुढे व्हावे.

आता उलट दिशेचा विचार. लग्नकार्य, दीक्षा महोत्सव, चातुर्मास यानिमित्त आपले परदेशी नागरिकत्व घेतलेले आप्त जालन्याला येत असतात. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांना व्हिसा लागत नाही. इतरांसाठी भारताने नोव्हेंबर २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक पद्धत सुरू केली, आणि तिच्या मंजुरीच्या कागदालाही 'इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथोरायझेशन' असेच म्हणतात. भारत सरकारचे अधिकृत संकेतस्थळ 'इंडियन व्हिसा ऑनलाइन' या नावाचे असून त्याच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा आहे. त्याची हुबेहूब नक्कल करून जास्त पैसे उकळणारी पाने पुष्कळ आहेत. निमंत्रणपत्रिका पाठवताना सोबत एवढे दोन शब्द कळवावेत, की निघण्यापूर्वी त्या संकेतस्थळावर आपली स्थिती 'ग्रँटेड' अशी दिसते का ते पाहून घ्या. पाहुणचाराचा आरंभ तिथून होतो.

फसवणूक झाल्याचे कळले, तर लाजेने गप्प बसू नये. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार द्यावी आणि बँकेला सांगून कार्ड बंद करावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवता आली तरच हाती लागण्याची आशा. संदेश, पावत्या आणि तो खोटा कागद जपून ठेवावा. आणि कागद खोटा आहे हे कळल्यानंतर 'बघू, चालून जाईल' म्हणून तो कोणत्याही खिडकीवर पुढे करू नये. खोटा कागद जाणूनबुजून खरा म्हणून वापरणे हा आपल्या कायद्यानेही गुन्हा आहे, आणि परदेशात त्याचे परिणाम पुढील अनेक वर्षांच्या प्रवासावर होतात.

कोणी म्हणेल, इतकी तपासणी म्हणजे एजंटावर अविश्वास. मला तसे वाटत नाही. आजोबांच्या पेढीवर मुनीम चाळीस वर्षे होते आणि रोज संध्याकाळी आजोबा त्यांची रोकड मोजून घेत. त्यात मुनीमजींना कधी अपमान वाटला नाही; उलट मोजणी राहिली तर तेच आठवण करीत. सचोटीच्या माणसाला तपासणीचा त्रास होत नाही. आमच्या त्या एजंटालाही मी वेळीच संदर्भ क्रमांक विचारले असते, तर तो मोह त्यांना झालाच नसता.

ताई पुढच्या उन्हाळ्यात जालन्याला येणार आहे. तिच्या नातवाच्या जन्मापासूनचा पासपोर्ट केनियाचा, म्हणून त्याचा भारताचा ई-व्हिसा काढावा लागेल. संदर्भ क्रमांक आला की तपासायला कोणाकडे पाठवायचा, असे तिने फोनवर विचारले. मी म्हणालो, "छोट्याकडे पाठव." बंधूंनी त्यासाठी एक वेगळी वही घातली आहे.